सदतीस मिनिटं की एक तास?

घाटकोपर, असल्फा, कुर्ला या बाजूला राहणाऱ्या मुलांना विमानाचं कौतुक वेगळं सांगावं लागत नाही. त्यांना गच्चीवरून विमानाचं पोट दिसतं, बाहेर आलेली चाकं दिसतात आणि पंखाखालची अक्षरंसुद्धा वाचता येतात. शाळेत तर गंमतच असते. बाई "म्हणून..." असं म्हणतात आणि पुढचं सगळं वाक्य विमान खाऊन टाकतं! मग मुलं खुशाल विचारतात, "बाई, काय म्हणालात?"

तर अशाच एका खाल्लेल्या वाक्यानंतर आमच्या वर्गात वाद सुरू झाला. विषय होता, मुंबईहून कोल्हापूर किती लांब? एक मुलगी म्हणाली, "पाचशे अठरा किलोमीटर. आमच्या तिकिटावर लिहिलेलं असतं." दुसरा म्हणाला, "छे! माझे बाबा टेम्पो घेऊन जातात, त्यांच्या मीटरवर पावणेचारशेच्या आसपास पडतात." तिसऱ्याच्या काकांनी विमानातून प्रवास केला होता. तो ऐटीत म्हणाला, "किलोमीटर कशाला मोजता? एका तासात कोल्हापूर!" मग बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. कारण विमान ताशी पाचशे किलोमीटर जातं हे वर्गात सगळ्यांनाच पाठ होतं, आणि तासाभरात कोल्हापूर म्हणजे अंतर पाचशे किलोमीटर झालं. म्हणजे रेल्वेवाली मुलगी बरोबर, टेम्पोवाला चूक?

बघा बरं तुम्हीच विचार करून. यातलं खोटं कोणीच बोलत नव्हतं.

रेल्वेचं पाचशे अठरा बरोबर आहे. गाडी मुंबईहून निघते, कल्याण-कर्जत करत बोरघाट चढते, पुण्याला जाते, साताऱ्याच्या बाजूने सांगली-मिरजेला उतरते आणि मग उजवीकडे वळून कोल्हापूरला पोचते. डोंगर चढायचा तर रूळ वळणावळणानेच न्यावे लागतात, आणि वाटेतली मोठी गावं सोडूनही चालत नाही. रस्ता त्या मानाने बराच सरळ आहे. आणि विमानाला ना घाट आडवा येतो, ना नदी. मग विमानाचं अंतर किती?

ते तुम्हाला घरबसल्या काढता येईल. शाळेचा नकाशासंग्रह उघडा. मुंबईवर पट्टीचं एक टोक ठेवा, कोल्हापूरवर दुसरं, सेंटिमीटर मोजा आणि कोपऱ्यातल्या प्रमाणाने गुणा. झालं! पण पट्टी जरा सरकली की दहा-वीस किलोमीटरचा फरक पडतो. वैमानिकाला असा फरक चालत नाही. म्हणून ते लोक आकाशातल्या सरळ रेषेचा हिशेब अक्षांश-रेखांशांवरून करतात. भूगोलात पाठ केलेल्या आणि परीक्षेनंतर विसरलेल्या त्याच अक्षांश-रेखांशांवरून, बरं का!

एका अंशाचे साठ भाग केले की प्रत्येक भागाला एक मिनिट म्हणतात. हे घड्याळातलं मिनिट नव्हे, अंशाचं मिनिट. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण दिशेत एक मिनिट सरकलं की जेवढं अंतर होतं, त्याला सागरी मैल किंवा नॉटिकल मैल म्हणतात. तो १.८५२ किलोमीटरचा असतो. जहाजवाले आणि विमानवाले आजही याच मैलात बोलतात, आणि ताशी एक सागरी मैल या वेगाला 'नॉट' म्हणतात. मला हे माप फार आवडतं, कारण ते कोणा राजाच्या हाताच्या किंवा पावलाच्या लांबीवरून आलेलं नाही, पृथ्वीच्याच गोलाईवरून आलेलं आहे.

आता वही घ्या. आपला मुंबईचा विमानतळ आहे १९ अंश ५ मिनिटं उत्तर अक्षांशावर. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ आहे १६ अंश ४० मिनिटांवर. वजा करा. २ अंश २५ मिनिटं, म्हणजे १४५ मिनिटं, म्हणजेच १४५ सागरी मैल. गुणिले १.८५२ केले की झाले २६९ किलोमीटर. एवढं आपण दक्षिणेला गेलो.

पण कोल्हापूर नुसतं दक्षिणेला नाही, पूर्वेलाही आहे. मुंबईचा रेखांश ७२ अंश ५२ मिनिटं, कोल्हापूरचा ७४ अंश १७ मिनिटं. फरक ८५ मिनिटांचा. इथे मात्र जपून! रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारखे. त्यामुळे आपल्या भागात पूर्व-पश्चिम एक मिनिट थोडं लहान असतं, साधारण १.७६ किलोमीटरचं. ८५ गुणिले १.७६, म्हणजे जवळजवळ १५० किलोमीटर.

सातवी-आठवीतल्या ताई-दादांना पुढचं ओळखता आलंच असेल. २६९ ची एक बाजू, १५० ची दुसरी बाजू, मधे काटकोन, आणि आपल्याला हवा आहे कर्ण! पायथागोरसला बोलवा. २६९ चा वर्ग ७२,३६१ आणि १५० चा वर्ग २२,५००. बेरीज ९४,८६१. आणि ३०८ चा वर्ग किती माहीत आहे? ९४,८६४. अवघ्या तिनाचा फरक! म्हणजे मुंबई ते कोल्हापूर हवाई अंतर झालं ३०८ किलोमीटर. पृथ्वी गोल आहे आणि आपण ती सपाट धरली, म्हणून एवढ्या अंतरात फार तर एखाद्या किलोमीटरची गडबड होईल. मुंबई ते लंडन असं काढायला जाल तर मात्र हे गणित चालणार नाही, तिथे गोल पृथ्वीचं वेगळं गणित लागतं.

आता वेळ. अशा कमी अंतरावर बहुधा एटीआर जातीचं पंख्यांचं विमान जातं. त्याचा वरचा वेग ताशी सुमारे पाचशे किलोमीटर. ३०८ भागिले ५००, आणि त्याची मिनिटं करा. सदतीस! काकांना तर तास लागला होता. मग तेवीस मिनिटं गेली कुठे?

चोर एक नाही, बरेच आहेत.

पहिला चोर जमिनीवरच असतो. विमान उडालं की वेळ सुरू होतो असं आपल्याला वाटतं, पण वेळापत्रकातला वेळ विमान आपल्या जागेवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडच्या गावी जागेवर जाऊन थांबलं की संपतो. जागेवरून धावपट्टीपर्यंत विमान आपल्या चाकांवर हळूहळू जातं. मुंबईत तिथेही रांग! दिवसाला नऊशेच्या आसपास विमानं इथे चढतात-उतरतात. धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या कात्रीसारख्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असून एकीचंच काम होतं. दादरच्या पुलावर दोन जिने असावेत आणि दोन्ही एकाच अरुंद दारात उतरावेत, तसंच काहीसं.

दुसरा चोर वारा. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतं आणि समोर तोंड करूनच उतरतं. पतंग उडवणाऱ्यांना याचं कारण सांगायला नकोच. पंखाखाली वारा जोरात आला की उचल चांगली मिळते. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. म्हणून विमानं घाटकोपरवरून उतरायला येतात आणि विलेपार्ले-जुहूकडे तोंड करून समुद्रावर उडतात. (घाटकोपरच्या बाईंचं वाक्य कोण खातं ते कळलं ना आता?) कोल्हापूरला जायचं म्हणजे दक्षिण-पूर्वेला, आणि विमान तर निघालं पश्चिमेला! अंधेरीहून घाटकोपरला निघालेल्या रिक्षाने आधी वर्सोव्याचा रस्ता धरावा, तशातली गत. समुद्रावर जाऊन वळायचं आणि मग वाटेला लागायचं.

तिसरा चोर म्हणजे चढणं आणि उतरणं. वरचा वेग वर गेल्यावरच मिळतो. चढताना विमान हळू असतं, उतरताना तर मुद्दाम हळू केलेलं असतं. एटीआर जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असतो. अंतर जेवढं लहान, तेवढा या चोराचा वाटा मोठा. मुंबई-दिल्लीला तो फारसा जाणवत नाही, मुंबई-कोल्हापूरला मात्र वरच्या वेगाने उडायला मिळतात जेमतेम थोडी मिनिटं.

हे फक्त विमानाचं आहे असं मुळीच नाही. बोरिवली ते चर्चगेट ३४ किलोमीटर. लोकल जोरात असली तर ताशी शंभरला टेकते. हिशेबाने वीस मिनिटांत चर्चगेट यायला हवं. आलंय कधी? धीम्या गाडीला तास तरी लागतोच. स्टेशनं, सिग्नल, थांबणं आणि पुन्हा वेग घेणं. विमानाला मधली स्टेशनं नाहीत, पण दोन टोकांची स्टेशनं फार जड आहेत, एवढाच काय तो फरक.

शिवाय विमान कंपन्या थोडा वेळ पदरचाही धरून ठेवतात. म्हणजे उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता येतं. याला हुशारी म्हणायचं की लबाडी, ते आईबाबांना विचारा!

आता जरा मागे जाऊ या. १५ ऑक्टोबर १९३२. तेव्हा मुंबईचं विमान उतरायचं ते जुहूला. सांताक्रूझच्या विमानतळाचा अजून पत्ता नव्हता. त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून एक इवलंसं, एका इंजिनाचं विमान निघालं. त्याचं नाव पस मॉथ. चालवणारे होते जे. आर. डी. टाटा, वय वर्षं अठ्ठावीस. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांचाच, १९२९ सालचा. विमानात प्रवासी कोणी नव्हता, होत्या फक्त टपालाच्या पिशव्या. टाटांच्या हवाई टपालसेवेचं हे पहिलं उड्डाण. तीच सेवा पुढे वाढत वाढत एअर इंडिया झाली.

वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायचं होतं. ते कसं आलं असेल? बैलगाडीतून, डब्यांमध्ये भरून! आभाळातलं वाहन जमिनीवरच्या सगळ्यांत सावकाश वाहनाची वाट बघत उभं. मला तर हे चित्र नुसतं डोळ्यांपुढे आणलं तरी हसू येतं.

पस मॉथचा वेग होता ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. कराची ते अहमदाबाद हवाई अंतर सुमारे ५९३ किलोमीटर, अहमदाबाद ते जुहू सुमारे ४४१. एकूण झाले १,०३४. १६० ने भागा. साडेसहा तासांच्या आत-बाहेर उत्तर येतं. टाटा जुहूला उतरले ते दुपारी दोन वाजायच्या थोडं आधी, म्हणजे निघाल्यापासून सव्वासात तासांच्या आसपास. उरलेला पाऊण तास कोणाच्या खात्यावर टाकायचा, ते बैलगाडीला विचारा! इथून पुढे टपाल घेऊन नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे वैमानिक बेळ्ळारीमार्गे मद्रासला गेले.

त्या विमानात रेडिओ नव्हता. वाट सापडायची ती होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारे रेल्वेचे रूळ, नद्या, किनारा यांच्या खुणेवरून. म्हणून अंतर आणि वेळ यांचं गणित पक्कं असावं लागे. "आता दीड तास झाला, म्हणजे खाली अमुक नदी दिसायला हवी" असा तो हिशेब. नदी दिसली नाही तर काहीतरी बिनसलं!

आणि पावसाळ्यात काय करायचे माहीत आहे? जुहूचं मैदान चिखलात आणि भरतीच्या पाण्यात जायचं. मग सगळा संसार, म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, उचलून पुण्याला नेत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर उतरत. पुढे १९८२ मध्ये या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टाटांनी तसंच जुनं विमान घेऊन कराचीहून जुहूपर्यंत पुन्हा उड्डाण केलं. आजोबांना सांगा बरं हे!

जुहूवरून आठवलं. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ एकमेकांपासून सरळ रेषेत साधारण साडेतीन किलोमीटरवर आहेत. जुहूची धावपट्टी लहान, सांताक्रूझची त्याच्या जवळजवळ तिप्पट लांब. पण दोन्हींची दिशा साधारण सारखीच, त्यामुळे वरून पाहणारा फसू शकतो. आणि खरंच फसले! १९५३ साली एक परदेशी प्रवासी जेट विमान, त्या काळचं नवंकोरं कॉमेट, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. ते धडपणे थांबलं, पण आखूड धावपट्टीवरून ते पुन्हा उडवायचं कसं, याचा घोर मात्र काही दिवस पुरला. हलकं करून ते उडवलं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. १९७२ साली जपानचं एक मोठं डीसी-८ विमान असंच जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपली तरी पुढे गेलं. विमान कामातून गेलं, पण कोणाचा जीव गेला नाही, हे नशीब. तीनशे किलोमीटरचं अंतर चुकलं तर लगेच कळतं हो, साडेतीन किलोमीटरचं चुकलेलं कळत नाही! आज जुहूला हेलिकॉप्टरं आणि लहान विमानंच येतात.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर एवढं काय बिघडलं? काकांना कोल्हापुरात थोडा उशीर होईल, एवढंच ना!

आता आपल्याच उपनगरातली गोष्ट सांगते. ३ ऑगस्ट २०१५. मुलुंडच्या एका रुग्णालयात एक तरुण होता. त्याचं हृदय इतकं थकलं होतं की औषधाने भागत नव्हतं. त्याला दुसरं हृदय हवं होतं. त्याच वेळी पुण्यातल्या एका रुग्णालयात एका व्यक्तीचा मेंदू कायमचा बंद पडला होता, हृदय मात्र चालू होतं. अशा दुःखात त्या घरच्या माणसांनी हृदय देण्याचं ठरवलं. हे किती अवघड असतं, ते मोठ्यांनाच ठाऊक.

शरीराबाहेर काढलेलं हृदय बर्फाच्या गारव्यात ठेवलं, तरी ते साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या शरीरात बसून धडधडायला लागलं पाहिजे. आणि ते नुसतं शिवायलाच तासभर लागतो. म्हणजे प्रवासाला उरले तीन तासांहून कमी. पुण्याहून मुलुंड रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता मोकळा मिळाला तर तीन तास, आणि घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर? ऑगस्टचा पाऊस, घाटातलं धुकं! असा धोका कोण पत्करणार?

आता आपलं मघाचं गणित लावू या. पुण्याचा लोहगाव विमानतळ ते मुंबईचा विमानतळ, हवाई अंतर फक्त १२४ किलोमीटर. ताशी पाचशेने भागाल तर पंधरा मिनिटं. पण आता तुम्ही फसणार नाही! विमान हलणं, चढणं, वळणं, उतरणं हे सगळं यात धरावं लागणार. त्याशिवाय पुण्यात रुग्णालय ते लोहगाव, आणि मुंबईत विमानतळ ते मुलुंड, ही दोन्ही अंतरं रस्त्याचीच. विमानतळ ते मुलुंड सुमारे अठरा किलोमीटर. संध्याकाळच्या गर्दीत आपल्याला त्याला किती वेळ लागतो, ते रोज जाणारे सांगतीलच. म्हणजे १२४ किलोमीटर आकाशात वाचवलेला वेळ शेवटच्या अठरा किलोमीटरला गमावण्याची पाळी.

म्हणून दोन्ही शहरांच्या वाहतूक पोलिसांनी आधीच रस्ते मोकळे करून ठेवले. चौकाचौकांत शिपाई उभे, बाकीच्या गाड्या थांबलेल्या, आणि मधून रुग्णवाहिका सुसाट. याला 'ग्रीन कॉरिडॉर' म्हणतात. विमानाला रांगेत उभं राहावं लागलं नाही. आपल्या गणितातले सगळे चोर त्या दिवशी जणू बाजूला बसवून ठेवले होते. हृदय दोन तासांच्या आत मुलुंडला पोचलं, बसवलं गेलं आणि चालू झालं.

मुंबईत याआधी असा प्रयत्न झाला होता तो थेट १९६८ च्या फेब्रुवारीत, परळच्या केईएम रुग्णालयात. डॉ. पी. के. सेन यांनी तो केला होता. सगळ्या जगातच ही शस्त्रक्रिया तेव्हा अगदी नवी होती आणि रुग्ण वाचू शकला नाही. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईत मिळालेलं हे पहिलं यश. पुढे नागपूर, सुरत अशा गावांहूनही विमानांनी हृदयं मुंबईत आली. तेव्हा रस्त्यात पोलीसकाकांनी गाडी अडवली आणि रुग्णवाहिका जाईपर्यंत थांबायला लावलं, तर बाबांना हॉर्न वाजवू देऊ नका.

वर्गातला वाद कसा मिटला, ते विचाराल तर तो मिटला नाहीच. टेम्पोवाल्या मुलाने नवीनच मुद्दा काढला. म्हणाला, "बाई, काकांना अंधेरीच्या विमानतळावर दीड तास आधी जावं लागलं, ते कुठे धरलंत? आणि उजळाईवाडीहून कोल्हापुरात जायचे?" त्याने बेरीज केली ती जवळजवळ साडेतीन तास आली. तरी टेम्पोपेक्षा आणि रात्री बसून सकाळी पोचणाऱ्या रेल्वेपेक्षा कमीच. पण पुण्याला जायचं तर? मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. गाडी साडेतीन तासांत पोचवते. विमानाचं उड्डाण लहान, पण दोन्हीकडचं येणं-जाणं आणि आधी जाऊन थांबणं धरलं की बरोबरीच! आमच्या वर्गाने पुण्यासाठी एकमताने रेल्वेच निवडली. कर्जतचा वडापाव विमानात मिळत नाही, हे कारण मात्र गणितात बसत नव्हतं.

आता तुमची पाळी. तुमच्यातल्या पुष्कळांचं गाव कोकणात असेल. सिंधुदुर्गात चिपीला २०२१ साली विमानतळ सुरू झाला. त्याचा अक्षांश १६ अंश, रेखांश ७३ अंश ३२ मिनिटं. मुंबईचे आकडे वर दिलेच आहेत. पूर्व-पश्चिम मिनिटाला या वेळी १.७७ किलोमीटर धरा, कारण आपण आणखी थोडं दक्षिणेला जातो आहोत. अंतर काढा, पाचशेने भागा आणि मग चोरांची मिनिटं आपल्या अंदाजाने मिळवा. माझं अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या अगदी जवळ आलं. तुमचं किती येतं ते बघा. आणि तुतारी एक्स्प्रेसचं दादर ते सावंतवाडी तिकीट घरात असेल, तर त्यावरचे किलोमीटरही शेजारी लिहून ठेवा.